दिल्लीचे मॅगझिन : एक कमान, दोन शिलालेख

#इतिहास #थ्रेड

१/
जुन्या दिल्लीत लाल किल्ल्याकडून काश्मिरी दरवाजाकडे जाताना लोथियन रोड लागतो. या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या वाहनांच्या बेचक्यात, जुन्या विटांच्या कमानी उभ्या आहेत. घुमट नाही, नक्षी नाही. बसमधील बहुतेक प्रवासी त्यांच्याकडे पाहतही नाहीत. मात्र या कमानीवर दोन शिलालेख आहेत, आणि खालचा शिलालेख वरच्याचे म्हणणे उघडपणे नाकारतो.

२/
ही वास्तू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या दिल्लीतील शस्त्रागाराचे अवशेष. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘मॅगझिन’. दिनांक ११ मे १८५७ रोजी दुपारी तिच्यातीलच लोकांनी ती उडवून दिली. जे उरले ते विजेत्यांनी स्मारक म्हणून जपले, आणि स्वतंत्र भारताने ते न पाडता त्यावर आपले उत्तर कोरले. एखादी वास्तू ‘जपणे’ म्हणजे नेमके काय जपणे, हे समजून घ्यायला इतके छोटे आणि इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

३/
आरंभ मराठ्यांपासून करावा लागतो. इ.स. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशाह शाह आलमचे डोळे काढले. त्याच्या तावडीतून दिल्ली सोडवली ती महादजी शिंदे यांच्या फौजांनी. पुढची सुमारे पंधरा वर्षे बादशाहीचा खरा आधार शिंद्यांची सत्ता होती. दिनांक ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकने बुर्किन या फ्रेंच सरदाराच्या हाताखालील शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. बादशाह तोच राहिला. त्याचा पालक बदलला.

४/
कंपनीला दिल्ली मिळाली, पण निर्धास्तपणा मिळाला नाही. वर्षभरातच, ऑक्टोबर १८०४ मध्ये, यशवंतराव होळकरांच्या फौजेने शहराला वेढा घातला. रेसिडेंट ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी अपुऱ्या शिबंदीनिशी तो कसाबसा परतवला. जीर्ण तटबंदीच्या या विस्तीर्ण शहराचा बचाव किती अवघड आहे, हे त्या आठ-दहा दिवसांनी कंपनीला शिकवले. नंतरच्या दशकांत तट आणि बुरूज दुरुस्त झाले, काश्मिरी दरवाजा नव्याने बांधला गेला, आणि शहराच्या आत मोठे शस्त्रागार नांदू लागले.

५/
त्यासाठी निवडलेली जागा लाल किल्ल्याच्या उत्तरेस, यमुनेच्या बाजूला होती. शाहजहानचा थोरला पुत्र दारा शुकोह याची हवेली आणि बाग एके काळी याच परिसरात होती. त्याच्या ग्रंथालयाची म्हणून ओळखली जाणारी इमारत जवळच आजही उभी आहे. तिच्यापुढचे उंच खांब इंग्रजी अमदानीत लागले. उपनिषदांचे फारसीत भाषांतर करवून घेणाऱ्या राजपुत्राच्या आवारालगत तोफगोळ्यांच्या राशी रचल्या गेल्या. शहरे अशीच थरांवर थर चढवत वाढतात.

६/
‘मॅगझिन’ म्हणजे केवळ दारूची कोठडी नव्हे. उंच भिंतींच्या आवारात तोफा, तोफगाडे, गोळे, बंदुका, काडतुसे यांचा साठा असे. दुरुस्तीचे कारखाने, सुतार-लोहारांच्या शेड, कचेरी आणि पहारा हेही तिथेच. आपल्याकडील शब्दांत सांगायचे तर दारूखाना, जिन्नसखाना आणि कारखाना ही तिन्ही खाती एकाच आवारात. उत्तर हिंदुस्थानातील कंपनीच्या मोठ्या शस्त्रागारांत दिल्लीची गणना होत असे.

७/
पण असे कोठार वस्तीच्या मध्यभागी ठेवावे काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखान्याविषयी स्वतंत्र सूचना आहेत. तो घरांजवळ नसावा, विस्तवाचा संबंध येईल अशा ठिकाणी नसावा, असा त्यांचा आशय. ही जाण कंपनीलाही होती. म्हणूनच १८५७ पूर्वी दारूचा मुख्य साठा शहराबाहेर, उत्तरेस यमुनेकाठी हलवला गेला होता. शहरातल्या मॅगझिनमध्ये दारू उरली ती तुलनेने थोडी. कथेच्या शेवटी हा तपशील फार मोलाचा ठरतो.

८/
आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे १८५७ मध्ये दिल्लीत एकही गोरी पलटण नव्हती. छावणीत बंगाल आर्मीच्या ३८, ५४ आणि ७४ क्रमांकांच्या देशी पलटणी होत्या. शस्त्रागारातील कारागीर, खलाशी, दरवान, पहारेकरी सारे हिंदुस्थानी. त्यांच्यावर देखरेख करणारे मूठभर युरोपीय. एवढ्या मोठ्या साठ्याची सुरक्षितता अखेर ज्यांच्या निष्ठेवर अवलंबून होती, त्यांना त्या निष्ठेचे कारण उरले आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

९/
दिनांक १० मे, रविवार. मेरठच्या सैनिकांनी उठाव केला आणि रातोरात दिल्लीची वाट धरली. सोमवारी सकाळी तिसऱ्या घोडदळाचे स्वार यमुनेच्या होड्यांच्या पुलावर पोहोचले. जॉइंट मॅजिस्ट्रेट थिओफिलस मेटकाफ मॅगझिनमध्ये धावला; पूल रोखण्यासाठी दोन तोफा द्याव्यात, अशी त्याची मागणी होती. लेफ्टनंट जॉर्ज विलोबी आणि लेफ्टनंट फॉरेस्ट यांच्यासह त्याने नदीकडच्या बुरुजावरून पाहिले. स्वार पूल ओलांडून आले होते. तोफांची वेळ टळून गेली होती.

१०/
विलोबी मॅगझिनचा प्रमुख. वय तिशीच्या आसपास. त्याच्यासह एकूण नऊ युरोपीय आवारात होते : लेफ्टनंट फॉरेस्ट आणि रेनर, कंडक्टर शॉ, बकली आणि स्कली, सब-कंडक्टर क्रो, सार्जंट एडवर्ड्स आणि स्ट्युअर्ट. यातला ‘कंडक्टर’ तिकिटे फाडणारा नव्हे. शस्त्रभांडाराचा हिशेब आणि वाहतूक पाहणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांचा तो हुद्दा होता. म्हणजे हे नऊ जण आघाडीवरचे लढवय्ये नव्हते. बहुतेक भांडाराची माणसे होती. विल्यम रेनर तर एकसष्ट वर्षांचा.

११/
दरवाजे बंद झाले. आतल्या वाटांवर दहा तोफा रोखल्या गेल्या. काहींत छर्रे दुप्पट भरले. प्रवेशद्वाराशी अणकुचीदार अडसर टाकले. आणि शेवटचा उपाय म्हणून दारूच्या कोठडीपासून अंगणातल्या एका लिंबाच्या झाडापर्यंत दारूची ओळ अंथरली गेली. विलोबीने आज्ञा करायची, बकलीने टोपी उंचावायची आणि स्कलीने बत्ती द्यायची, असा संकेत ठरला. हा सारा तपशील फॉरेस्टने पुढे लिहिलेल्या अहवालातून कळतो.

१२/
काही वेळाने लाल किल्ल्याकडून लोक आले आणि बादशाहाच्या नावाने शस्त्रागाराचा ताबा मागितला. आतून उत्तर गेले नाही. मग किल्ल्यातून शिड्या आल्या. शिड्या भिंतीला लागताच आतील हिंदुस्थानी नोकरवर्ग उतरत्या छपरांवर चढला आणि त्याच शिड्यांनी बाहेर उतरून गेला. मॅगझिनच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण. हल्ला सुरू होण्याआधीच शस्त्रागाराने आपली माणसे गमावली होती.

१३/
या मंडळींपैकी फॉरेस्टच्या अहवालात नावानिशी येतो तो करीम बक्ष नावाचा दरवान. तो बाहेरच्यांशी संधान बांधून आहे असा विलोबीचा संशय. तो पुन्हा दरवाजाजवळ दिसला तर गोळी घालावी, असा हुकूम त्याने दिला. करीम बक्ष पुढे कुठे गेला, त्याला काय वाटत होते, हे अहवाल सांगत नाही. अहवाल लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो धोका होता. माणूस म्हणून त्याची नोंद कोणालाच आवश्यक वाटली नाही.

१४/
तोफांचा मारा झाला. भिंतींवरून गोळ्यांचा वर्षाव होत राहिला. फॉरेस्टच्या हाताला गोळ्या लागल्या, बकलीही जखमी झाला. मेरठहून मदत येईल ही आशा तासागणिक विरत गेली. दुपारी साडेतीनच्या सुमारास विलोबीने आज्ञा दिली, टोपी वर गेली, स्कलीने बत्ती दिली. उत्तरेच्या टेकडीवर फ्लॅगस्टाफ मनोऱ्यापाशी जमलेल्या युरोपीय कुटुंबांना तो प्रचंड आवाज ऐकू आला आणि शहरावर धुराचा नि धुळीचा लोट चढताना दिसला.

१५/
भिंतींवर चढलेले सैनिक मेले, तसेच भिंतीबाहेर लोटलेली गर्दी आणि आसपासच्या गल्ल्यांतील रहिवासीही मेले. मृतांचे आकडे निरनिराळ्या नोंदींत निरनिराळे आहेत. पण ते शेकड्यांत मोजावे लागतात, याविषयी दुमत नाही. कोणाचा तरी शिपाई मुलगा, कोणाची तरी पाणी भरायला निघालेली आई, कोणाचे दुकान. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

१६/
नवांपैकी पाच जण स्फोटात गेले, असे शिलालेख सांगतो. स्कली त्यांतला एक. विलोबी नदीकडच्या चोरदरवाजातून निसटला, पण मेरठच्या वाटेवर मारला गेला. फॉरेस्ट, रेनर आणि बकली वाचले. बकलीची बायकोमुले मात्र शहरातच मारली गेली होती. या तिघांना जून १८५८ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळवणाऱ्यांत वयाने सर्वांत वडील असण्याचा रेनरचा विक्रम आजही मोडलेला नाही.

१७/
आता महत्त्वाचा प्रश्न : स्फोटाने साधले काय? वीरगाथेत ऐकू येते ते असे, की शस्त्रागार शत्रूच्या हाती पडू दिले नाही. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. भिंती आणि इमारती कोसळल्या, बरीच काडतुसे नष्ट झाली. पण तोफा आणि लोखंडी गोळे दारूच्या एका स्फोटात नाहीसे होत नाहीत. आणि शहराबाहेर हलवलेला दारूचा मुख्य साठा उठावकर्त्यांच्या हाती सुखरूप पडला.

१८/
परिणामी पुढचे चार महिने कंपनीच्याच तोफा कंपनीच्या फौजेवर आग ओकत राहिल्या. टेकडीवर तळ देऊन बसलेल्या इंग्रज फौजेला तट फोडण्याजोग्या जड तोफांसाठी पंजाबातील फिरोजपूरच्या शस्त्रागाराची वाट पाहावी लागली. त्या सप्टेंबरच्या आरंभी पोहोचल्या. दिल्लीतल्या तोफा हातच्या गेल्या नसत्या, तर ही वाट पाहण्याची वेळ आली नसती.

१९/
शहरालाही दारू पुरेना. मग वस्तीतच दारू तयार करण्याचा कारखाना चालवला गेला आणि ७ ऑगस्ट रोजी तोही उडाला. पुन्हा शेकडो बळी, पुन्हा आसपासची घरे जमीनदोस्त. फितुरीचा संशय बादशाहाचे हकीम अहसनुल्ला खान यांच्यावर गेला आणि संतप्त सैनिकांनी त्यांची हवेली लुटली. तीन महिन्यांत दोनदा एकाच शहराने वस्तीतल्या दारूखान्याची किंमत मोजली. अमात्यांची सूचना किती व्यवहारी होती, हे अशा वेळी उमगते.

२०/
दिनांक १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून इंग्रज फौज आत शिरली. तारीख १६ रोजी मॅगझिनचे भग्न आवार तिने जिंकले. त्या मोहिमेत हजर असलेल्या फ्रेडरिक रॉबर्ट्सने, पुढे जो हिंदुस्थानचा सरसेनापती झाला, तिथे १७१ तोफा सापडल्याची नोंद केली आहे. ‘उडवून दिलेल्या’ शस्त्रागारात चार महिन्यांनंतर एवढ्या तोफा! नवांच्या धैर्याविषयी शंका नको. पण धैर्य आणि फलित या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्मारके बहुधा त्यांची गल्लत करतात.

२१/
दिल्ली पडल्यानंतर सुरू झाले दुसरे विध्वंसपर्व. रहिवाशांना शहराबाहेर हाकलले गेले. तोफांना मोकळा पल्ला मिळावा म्हणून लाल किल्ल्याभोवतीची दाट वस्ती, हवेल्या आणि बाजार पाडले. किल्ल्याच्या आतील महालांचा बहुतांश भाग नष्ट करून तिथे बराकी बांधल्या. थोड्याच वर्षांत सलीमगडावरून रेल्वे शहरात घुसली.

२२/
याच काळात काही वास्तू मात्र कटाक्षाने वाचवल्या गेल्या. काश्मिरी दरवाजाच्या गोळ्यांनी छिन्न झालेल्या दोन कमानी. निकल्सन जिथे जखमी झाला त्या तटाचा तुकडा. मॅगझिनच्या कमानी. १८६३ मध्ये टेकडीवर गॉथिक धाटणीचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. मुघल प्रासादांना जे संरक्षण मिळाले नाही, ते विटांच्या भग्न फाटकाला मिळाले. सौंदर्य किंवा प्राचीनता ही कसोटी नव्हती. कसोटी एकच : ही वास्तू विजेत्यांची कथा सांगते काय?

२३/
मॅगझिनच्या कमानीवरची फरसी १८८८ मध्ये हिंदुस्थान सरकारने बसवली. मजकुराचा आशय असा : नऊ निर्धारी इंग्रजांनी बंडखोरांच्या मोठ्या समुदायाविरुद्ध चार तासांहून अधिक काळ मॅगझिन लढवले, भिंतींवर शिड्या लागल्या आणि मदतीची आशा संपली तेव्हा ते पेटवून दिले, पाच जण कामी आले आणि शत्रूचेही अनेक मेले. खाली-वर नवांची नावे, हुद्द्यांसह.

२४/
मजकूर बारकाईने वाचावा. नऊ ‘इंग्रज’ म्हणतात, तर त्यांतला फॉरेस्ट डब्लिनचा, म्हणजे आयरिश. तोफा शाबूत राहिल्या याचा उल्लेख नाही. शिड्यांचा उल्लेख आहे, पण त्यांवरून उतरून गेलेल्या नोकरवर्गाचा नाही. गल्ल्यांतले मृत ‘शत्रू’ या एका शब्दात विरघळून गेले. खोटे विधान एकही नसले, तरी निवड पूर्ण एकतर्फी. शिलालेख हे साधन आहे. पण कोणत्याही साधनाप्रमाणे त्यालाही कर्ता असतो, हेतू असतो आणि मौन असते.

२५/
या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. मॅगझिनमधून वाचलेल्या फॉरेस्टचा मुलगा जॉर्ज विल्यम फॉरेस्ट पुढे मुंबई सरकारचा दप्तरप्रमुख झाला. मुंबई सचिवालयातील कागदांतून त्याने संपादित केलेली ‘मराठा सिरीज’ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ती परिचित आहे. १८९१ मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले, तेव्हा त्याचा पहिला प्रमुख हाच. आजच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ते मूळ.

२६/
पुढे याच फॉरेस्टने १८५७ च्या लष्करी कागदपत्रांचे खंड संपादित केले आणि त्या उठावाचा विस्तृत इतिहासही लिहिला, अर्थात इंग्रजी बाजूने. बापाने शस्त्रागार उडवण्यात भाग घेतला, मुलाने त्या काळाचे कागद जपले. आणि गंमत अशी, की त्याने जपलेल्या कागदांचाच आधार घेऊन पुढच्या पिढ्यांच्या इतिहासकारांना त्याचे निष्कर्ष तपासता आले. जपणुकीचे हे बलस्थान : जपणाऱ्याचा हेतू काहीही असो, जपलेली वस्तू त्याच्या हेतूपुरती राहत नाही.

२७/
१९०२ मध्ये मॅगझिनजवळच तारखात्याच्या कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ करड्या ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला गेला. ११ मे रोजीच दिल्लीहून उठावाची वार्ता पंजाबात धाडणारे हे लोक. अशा रीतीने लोथियन रोड आणि काश्मिरी दरवाजाचा परिसर साम्राज्याची तीर्थयात्रा बनला. इंग्रज प्रवासी हातात मार्गदर्शिका घेऊन येत आणि एकेक ठिकाण पाहत जात. त्यांच्यासाठी ही कमान म्हणजे थर्मोपिलीची खिंड होती. आपल्याकडील पावनखिंडीच्या जातीची जागा.

२८/
१९४७ नंतर प्रश्न उभा राहिला : या स्मारकांचे करायचे काय? तीन मार्ग होते आणि तिन्ही दिल्लीत अनुसरले गेले. पहिला, हटवणे. काश्मिरी दरवाजाबाहेरचा निकल्सनचा पुतळा काढला गेला; तो आज उत्तर आयर्लंडमधील डंगॅनन येथे, त्याच्या जुन्या शाळेत आहे. दुसरा, नाव बदलणे. टेकडीवरच्या स्मृतिस्तंभाचे १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, ‘अजितगड’ असे नामांतर झाले, आणि मूळ लेखातील ‘शत्रू’ हे वस्तुतः स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर होते, असे सांगणारी फरसी बसली.

२९/
मॅगझिनच्या कमानीवर दिसतो तो तिसरा मार्ग, सर्वांत संयत. १८८८ ची फरसी जशीच्या तशी ठेवली. तिच्याखाली दुसरी लावली. तिचे म्हणणे एवढेच : वरच्या लेखात ज्यांना बंडखोर म्हटले आहे, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील सैन्याचे हिंदी सैनिक होते आणि परकी सत्ता उलथून टाकण्याचा प्रयत्न करीत होते. विशेषणे नाहीत, शिवीगाळ नाही. जुन्या विधानाला नवे विधान, दोन्ही एकाच भिंतीवर.

३०/
यात काय साधले? वरची फरसी काढली असती, तर साम्राज्य आपला इतिहास कसा सांगत होते याचा पुरावाच नष्ट झाला असता. ती एकटीच ठेवली असती, तर स्वतंत्र देशाच्या राजधानीत त्या देशासाठी लढलेल्यांची निंदा सरकारी खर्चाने चालू राहिली असती. दोन्ही ठेवल्याने ती भिंत एका वादाची नोंदवही बनली. १८५७, १८८८ आणि स्वातंत्र्योत्तर काळ : तीन काळ एकाच चौकटीत वाचता येतात.

३१/
तरीही दुसरी फरसी अंतिम शब्द नव्हे. तिने सैनिकांना न्याय दिला. पण करीम बक्ष सैनिक नव्हता. शिड्यांवरून उतरून गेलेले सुतार, लोहार, खलाशी सैनिक नव्हते. गल्ल्यांत मेलेले दिल्लीकर तर कुठल्याच बाजूने लढत नव्हते. एका राज्यसत्तेने कोरलेल्या मजकुराला दुसऱ्या राज्यसत्तेने उत्तर दिले. सामान्य माणसांची ओळ अजून कोरायची राहिली आहे. ती दगडावर नसली, तरी अभ्यासकाच्या लेखनात असायला हवी.

३२/
आज या कमानी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यान्वये आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या चहूबाजूंच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये ते नियंत्रित असते. कायदा विटा राखतो. पण रस्त्याच्या दुभाजकावरच्या वास्तूपर्यंत पोहोचायचे तर भरधाव वाहने चुकवावी लागतात, आणि धूर नि हादरे यांना कायद्याची मर्यादारेषा कळत नाही.

३३/
त्याहून मोठी हानी संदर्भ तुटल्याची आहे. आवाराच्या भिंती गेल्या, कारखाने गेले, पूर्वेला वाहणारी यमुना दूर सरकली. उरलेल्या फाटकाकडे पाहून हे केवढे आवार होते, नदीकडचा चोरदरवाजा कुठे असेल, किल्ल्यातून शिड्या कोणत्या वाटेने आल्या असतील, याची कल्पना येत नाही. एखादा साधा नकाशा, जुन्या आवाराची रेषा दाखवणारी खूण आणि हिंदी-उर्दू-इंग्रजीतला नेमका मजकूर एवढ्यानेही या कमानी बोलू लागतील.

३४/
महाराष्ट्रातील गडांवर, कोटांवर भटकणाऱ्यांना ही स्थिती अनोळखी नाही. दारूकोठाराची चार भिंतींची कोठडी दिसते, पाटी नसते. किंवा पाटी असते आणि तिच्यावर एकच वाक्य असते. वास्तू उभी राहणे ही जपणुकीची पहिली पायरी. तिच्याविषयी कोण, कधी, कशासाठी बोलले हेही जपणे ही दुसरी. आणि त्या बोलण्यात कोण सुटले याचा शोध ही तिसरी. तिसरी पायरी पुरातत्त्व खात्याची नव्हे, ती वाचणाऱ्याची.

३५/
दिल्लीला जाल तेव्हा लाल किल्ला पाहून झाल्यावर काश्मिरी दरवाजाच्या दिशेने थोडे चालावे. जनरल पोस्ट ऑफिसजवळ रस्त्याच्या मध्ये त्या कमानी दिसतील. आधी वरची फरसी वाचावी, मग खालची. आणि नंतर दोन्हींखालच्या कोऱ्या विटांकडेही क्षणभर पाहावे. तिथे अजून बरीच जागा आहे.

#१८५७ #दिल्ली #वारसा
(समाप्त)